कंपायलरचं नवं व्हर्जन आलं, आता तुमच्या बिलाचं काय?

बिलिंग सॉफ्टवेअरच्या व्हिडिओत एक विषय वेळेअभावी राहून गेला, तो इथे सविस्तर लिहितोय. तुमच्यापैकी काही जण स्वतः छोटं सॉफ्टवेअर बनवून दुकानदारांना विकायच्या विचारात आहात. काहींनी ओळखीच्या प्रोग्रामरकडून आपल्या धंद्यापुरतं सॉफ्टवेअर बनवून घेतलंय. दोघांच्याही कानावर कधी ना कधी हे वाक्य पडतंच: "कंपायलरचं नवीन व्हर्जन आलंय, त्यात बरेच बग फिक्स झालेत." ऐकायला बरं वाटतं. पण तुमच्या काउंटरवर त्याने नेमकं काय बदलणार, आणि बदलणार तर कुणामुळे, हे विचारलं की समोरचा जरा अडखळतो.

उदाहरण बेसिक या भाषेचं घेऊ. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ती तयार केली. गणित-विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता यावा, एवढाच हेतू होता. सोपी होती म्हणून पसरली. पुढे मायक्रोसॉफ्टचं क्विकबेसिक आलं, व्हिज्युअल बेसिक आलं, आणि दुकानाच्या हिशोबाचे असंख्य छोटे प्रोग्रॅम त्यात लिहिले गेले. जुन्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात राखाडी रंगाच्या खिडकीतून बिल निघताना दिसलं, तर ते व्हिज्युअल बेसिक ६ असण्याची शक्यता बरीच.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रोग्रामर जे लिहितो तो सोर्स कोड. माणसाला वाचता येतो, बदलता येतो. कंपायलर तो कोड वाचतो आणि मशीनला समजेल अशी ईएक्सई फाइल बनवतो. दुकानात येते ती ही ईएक्सई. म्हणजे कंपायलर हा साचा बनवणारा कारागीर समजा, आणि ईएक्सई हा तुमच्याकडे आलेला तयार साचा. कारागिराने उद्या नवीन हत्यार घेतलं म्हणून तुमच्याकडचा साचा आपोआप सुधारत नाही. तो पुन्हा घडवावा लागतो.

त्यामुळे कंपायलरमधला बग कितीही चांगला दुरुस्त झाला तरी तुमच्या दुकानापर्यंत पोचायला एकच रस्ता: कुणीतरी मूळ सोर्स कोड घेऊन, नव्या कंपायलरमधून काढून, नवीन ईएक्सई तुम्हाला द्यायची. याला थोडा अपवाद आहे. व्हिज्युअल बेसिक ६ सारख्या भाषेत काही काम ईएक्सईच्या बाहेर, रनटाइम नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये होतं. ती फाइल विंडोजसोबत येते, त्यामुळे तिची दुरुस्ती विंडोजच्या अपडेटमधून होऊ शकते. बाकी सगळं सोर्स कोडवर अडलेलं. तुमचा प्रोग्रामर गाव सोडून गेला आणि तुमच्याकडे फक्त ईएक्सई उरली, तर जगातले सगळे बग फिक्स तुमच्यासाठी पेपरातल्या बातमीसारखे. वाचायचे आणि घडी घालून ठेवायचे.

आता "बग" या शब्दाकडे येऊ. बिल चुकलं की सगळे म्हणतात सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. पण तो कंपायलरचा बग, प्रोग्रामरची चूक, की भाषेचा ठरवून केलेला नियम? ज्याला पैसे द्यायचेत त्याला हा फरक कळायलाच हवा.

पैसे पूर्णांकात आणायचे असतील तर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये राउंड नावाचं फंक्शन आहे. २.५ दिले तर उत्तर येतं २. आणि ३.५ दिले तर येतं ४. गंमत वाटेल, पण हा बग नाही. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. बरोबर अर्ध्यावर असलेली रक्कम जवळच्या सम संख्येकडे न्यायची, म्हणजे हजारो आकड्यांची बेरीज करताना चूक एकाच बाजूला साचत जात नाही. पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि तशी लिहूनही ठेवलेली आहे.

पण आपला कायदा काय म्हणतो? केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये स्पष्ट आहे: देय कराची रक्कम जवळच्या रुपयात आणायची, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पूर्ण रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. कर ११२ रुपये ५० पैसे आला तर कायद्याने ११३. राउंड म्हणतं ११२. कर ११३ रुपये ५० पैसे आला तर मात्र दोघंही ११४ म्हणतात. म्हणजे चूक दिसते फक्त सम रुपयांवर, तीही नेमके पन्नास पैसे आले तरच. प्रोग्रामरने दोन-चार बिलं करून पाहिली, सगळी बरोबर निघाली, पैसे घेतले आणि गेला. पुढे कधीतरी एक रुपया जुळत नाही म्हणून तुमचा हिशोबनीस डोकं धरून बसतो.

यातच आणखी एक मेख आहे. त्याच भाषेत आकडा छापण्यासाठी फॉरमॅट नावाचं दुसरं फंक्शन आहे, आणि ते ११२.५० चे सरळ ११३ करतं. म्हणजे छापील बिलावर ११३ आणि डेटा फाइलमध्ये ११२. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही गोष्टी नियमाप्रमाणेच चालल्यात! इथे कंपायलरच्या अपडेटची वाट बघत बसलात तर जन्मभर बसाल, कारण कंपायलरच्या लेखी दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच. प्रोग्रामरने कायद्याप्रमाणे राउंडिंगचं स्वतःचं छोटं फंक्शन लिहायचं आणि सगळीकडे तेच वापरायचं. (राउंडिंग प्रत्येक ओळीवर करायचं की एकूण रकमेवर, हे प्रोग्रामरला विचारू नका. ते तुमच्या सीएंना विचारा आणि त्यांचं उत्तर प्रोग्रामरला सांगा. हा क्रम उलटा झालेला मी फार पाहतो.)

पैशांच्या बाबतीत अजून एक छोटी गोष्ट. सिंगल नावाच्या प्रकारात साधारण सातच अंक नीट मावतात. १,२३,४५६.७८ ही रक्कम त्यात ठेवली की आत ती १,२३,४५६.७८१२५ होऊन बसते. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये पैशांसाठी करन्सी नावाचा वेगळा प्रकार आहे, दशांशानंतर चार स्थानं अचूक ठेवणारा. "रक्कम कशात ठेवलीय?" एवढा एक प्रश्न विचारून पाहा, समोरच्याचा अनुभव कळतो.

आता इंटिजर. हा शब्द मला फार आवडतो, कारण याच्या एकट्याच्या गोष्टीत अपडेटचं सगळं राजकारण येतं. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये इंटिजर म्हणजे १६ बिटांची संख्या: उणे ३२,७६८ ते ३२,७६७. बिल नंबर इंटिजरमध्ये ठेवला आणि दुकानात रोज साठ बिलं होत असतील, तर साधारण दीड वर्षात ३२,७६७ वं बिल निघतं. पुढच्या बिलाला पडद्यावर येतं "रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो" आणि प्रोग्रॅम बंद. समोर गिऱ्हाईक उभं.

तरी हे बरं म्हणायचं, निदान कळतं तरी. याच कंपायलरमध्ये प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठी काही जादा पर्याय आहेत. त्यातला एक इंटिजर ओव्हरफ्लोची तपासणीच काढून टाकतो. त्या चौकोनात टिकमार्क केली असेल तर एरर येत नाही. ३२,७६७ नंतरचं बिल गुपचूप उणे ३२,७६८ नंबरने निघतं. कोड तोच, कंपायलर तोच, फक्त एक टिकमार्क. म्हणून नवी ईएक्सई बनवून घेताना कंपायलरचं व्हर्जन कोणतं आणि सेटिंग कोणती, या दोन्ही गोष्टी लिहून ठेवायला सांगा. चाचणी एका सेटिंगवर आणि विक्री दुसऱ्या सेटिंगवर, असं व्हायला नको.

पुढे २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक डॉटनेट आणलं, आणि तिथे इंटिजर ३२ बिटांचा झाला. नाव तेच, माप दुप्पट. फ्रीबेसिक नावाचा एक मोफत, ओपन सोर्स कंपायलर आहे, २००४ मध्ये सुरू झालेला. त्यात तर इंटिजरचं माप तुम्ही कशासाठी कंपाइल करताय यावर ठरतं: ३२ बिटांच्या विंडोजसाठी ३२, आणि ६४ बिटांसाठी ६४.

"आता आपण ६४ बिटवर जाऊ" असं कुणी उत्साहाने म्हटलं की काय होतं ते बघा. समजा तुमच्या डेटा फाइलमध्ये प्रत्येक नोंदीत तीन इंटिजर आहेत: बिल नंबर, ग्राहक क्रमांक आणि नग. जुन्या ईएक्सईने प्रत्येक नोंदीला १२ बाइट वापरले. नवी ईएक्सई तीच फाइल २४-२४ बाइटचे घास घेत वाचते. बिल नंबर १ आणि ग्राहक क्रमांक ७ हे दोन्ही मिळून तिला एकच आकडा दिसतो: ३०,०६,४७,७१,०७३. कुठलाही एरर नाही. डेटा जागच्या जागी आहे, फक्त वाचणाऱ्याने फूटपट्टी बदललीय. आणि अशा अवस्थेत नव्या ईएक्सईने त्याच फाइलमध्ये दोन-चार बिलं लिहिली, की मग जुनी ईएक्सई परत लावूनही गाडी रुळावर येत नाही. फ्रीबेसिकमध्ये यावर उपाय सोपा आहे: फाइलमध्ये लिहायच्या गोष्टींसाठी इंटिजर न वापरता लाँग वापरायचा, तो कायम ३२ बिटांचा असतो. पण हे सुरुवातीलाच करायला हवं. आणि अपडेटच्या आधी डेटाचा बॅकअप, तोही वेगळ्या पेन ड्राइव्हवर, हे काय मी वेगळं सांगायला हवं?

बदलांची यादी कशी वाचायची

प्रत्येक नीटस कंपायलरसोबत बदलांची यादी येते, चेंजलॉग म्हणतात तिला. फ्रीबेसिकची यादी मला यासाठी चांगली वाटते की प्रत्येक व्हर्जनखाली तीन भाग केलेले असतात: काय बदललं, काय नवीन आलं, काय दुरुस्त झालं. बहुतेक लोक "नवीन" वाचून खूश होतात. तुम्ही "बदललं" आधी वाचा. नवीन सोय तुम्ही वापरलीच नाही तर तिचा त्रास सहसा होत नाही. दुरुस्ती बहुतेक वेळा फायद्याचीच. पण "बदललं" या भागात असं काहीतरी असतं जे काल एका पद्धतीने चालत होतं आणि आजपासून दुसऱ्या पद्धतीने चालणार आहे.

दुरुस्तीसुद्धा "बहुतेक वेळा" असं मी मुद्दाम म्हटलंय. कधी कधी प्रोग्रामरला कंपायलरचा बग सापडतो आणि तो त्यावर जुगाड करतो. उत्तर एकाने कमी येतं ना, मग आपण एक मिळवू. पुढच्या व्हर्जनमध्ये कंपायलरवाले बग दुरुस्त करतात, जुगाड तसाच राहतो, आणि उत्तर एकाने जास्त यायला लागतं. म्हणून जुगाड केला की त्या ओळीशेजारी कारण आणि तारीख लिहायची सवय हवी. तुम्ही प्रोग्रामर नसाल तरी "असे जुगाड कुठे कुठे आहेत?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

"बदललं" या खात्यातलं एक खरं उदाहरण आपल्या मराठीशी थेट जोडलेलं आहे. व्हिज्युअल बेसिक ६ च्या नेहमीच्या खिडक्या आणि चौकटी युनिकोड दाखवू शकत नाहीत. त्यात "सदाशिव ट्रेडर्स" युनिकोडमध्ये टाकलं तर प्रश्नचिन्हांची रांग दिसते. प्युअरबेसिक नावाचा एक फ्रेंच कंपायलर आहे. त्यात पूर्वी प्रोग्रॅम आस्की पद्धतीने बनवायचा की युनिकोड पद्धतीने, हे प्रोग्रामर ठरवायचा. २०१६ मध्ये आलेल्या ५.५० व्हर्जनपासून त्यांनी आस्की काढून टाकलं, फक्त युनिकोड ठेवलं. मराठीत बिल छापणाऱ्याला हे सोयीचंच. पण एक अक्षर एक बाइट असं गृहीत धरून ज्यांनी कोड लिहिला होता, त्यांच्यासाठी तेच अक्षर आता दोन बाइटचं झालं. अक्षरांचे बाइट मोजून फाइल वाचणं, प्रिंटरला थेट मजकूर पाठवणं, सगळं पुन्हा तपासायला लागलं. तेव्हा चेंजलॉगमधली एका ओळीची नोंद म्हणजे कुणाच्या तरी आठ-पंधरा दिवसांचं काम असू शकतं. तुम्ही सॉफ्टवेअर विकणारे असाल तर ते दिवस कुणाच्या खिशातून जाणार, हे एएमसीच्या करारात आधीच ठरलेलं बरं.

प्युअरबेसिकवाले काही व्हर्जनला एलटीएस म्हणतात, म्हणजे दीर्घकाळ सांभाळायचं व्हर्जन. त्यात नवीन काही घालत नाहीत, फक्त बग दुरुस्त करतात. ज्याला दुकानांत सॉफ्टवेअर चालवायचंय त्याने अशाच शाखेवर राहावं असं माझं मत आहे. नवंकोरं व्हर्जन घरच्या कॉम्प्युटरवर खेळायला ठेवा.

आणि अपडेट यायचंच थांबलं तर?

व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये. शेवटचं मोठं दुरुस्तीचं पॅकेज, सर्व्हिस पॅक ६, आलं २००४ मध्ये. नियमित सपोर्ट मार्च २००५ ला संपला, आणि वाढीव सपोर्ट ८ एप्रिल २००८ ला. मायक्रोसॉफ्टने ही भाषा बंद करू नये म्हणून २००५ मध्ये त्यांनीच गौरवलेल्या दोनशेहून जास्त तज्ज्ञांनी सह्या केल्या होत्या. उपयोग झाला नाही. रनटाइम मात्र अजून विंडोजसोबत येतं, म्हणून जुनी ईएक्सई आजही चालते. फसवं आहे ते यातच: चालतंय म्हणून सगळ्यांना वाटतं चांगलं चाललंय.

पॉवरबेसिकची गोष्ट वेगळी. बॉब झेल नावाच्या माणसाने लिहिलेला हा कंपायलर १९८७ मध्ये बोरलँड कंपनीने टर्बो बेसिक या नावाने विकला, नंतर झेल यांनी तो पॉवरबेसिक म्हणून स्वतः चालवला. अतिशय वेगवान, चाहते जगभर. २०१२ मध्ये झेल वारले आणि नवीन व्हर्जनची वाट पाहणारे पाहत राहिले. ६४ बिटांचं व्हर्जन आलंच नाही. २०१७ मध्ये ड्रेक सॉफ्टवेअर या करविषयक सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने ते विकत घेतलं. हत्यार निवडताना त्याच्या मागे किती माणसं आहेत, हे मी का विचारायला सांगतो ते यावरून लक्षात येईल.

वीस बिलांची वही

आता प्रत्यक्ष करायचं काम. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही हे जमतं. एक वही घ्या आणि अशी वीस बिलं हाताने करून ठेवा ज्यांची उत्तरं तुमच्या सीएंनी तपासलीत. साधी बिलं दोन-तीन पुरेत, बाकी मुद्दाम वाकडी निवडा. सम रुपयावर पन्नास पैसे आणणारं एक, विषम रुपयावर आणणारं एक. माल परत आलेलं, म्हणजे उणे रकमेचं. सवलत देऊन उरलेल्या रकमेवर कर लागणारं. लाखाच्या वरचं. ३१ मार्च आणि १ एप्रिलचं, लीप वर्षातलं २९ फेब्रुवारीचं. बिल नंबर ३२,७६७ आणि त्याच्या पुढचा. ग्राहकाचं नाव मराठीत, त्यात "श्री" आणि "ज्ञ" दोन्ही असलेलं.

नवी ईएक्सई आली की डेटाची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढायची, तिथे ही वीस बिलं जुन्या ईएक्सईतून एकदा आणि नवीतून एकदा काढायची. दोन्ही वहीशी ताडायची. नव्यात फरक दिसला तर चेंजलॉग उघडून तो फरक कुठल्या ओळीमुळे आलाय हे प्रोग्रामरने तुम्हाला दाखवायचं. जुन्यातच फरक दिसला तर… तर मग ही वही आधीच करायला हवी होती असं म्हणायचं आणि कामाला लागायचं.

अजून एक गोष्ट खास विकणाऱ्यांसाठी. नव्याने कंपाइल केलेली ईएक्सई विंडोजच्या दृष्टीने अनोळखी फाइल असते. तिच्यावर डिजिटल सही नसेल तर स्मार्टस्क्रीनची निळी खिडकी येते, आणि छोट्या कंपायलरने बनवलेल्या फाइलला अँटिव्हायरस कधी कधी विनाकारण व्हायरस समजतो. दुकानदार घाबरून फोन करणार हे गृहीत धरा. अपडेट पाठवायच्या आधी दोन अँटिव्हायरसवर तपासा, ग्राहकाला काय दिसेल ते आधी कळवा. आणि कृपा करून दिवाळीच्या आठवड्यात किंवा मार्चअखेर कुणाला अपडेट पाठवू नका.

बनवून घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी एक पाकीट मागून घ्यायचं: पूर्ण सोर्स कोड, ज्या कंपायलरने ईएक्सई बनवली त्याचं व्हर्जन, परवाना असेल तर तो कुणाच्या नावावर आहे, सगळ्या सेटिंगचं एक पान, आणि जोडीला वापरलेल्या बाहेरच्या फाइली. मग त्या पाकिटातल्या सामानावरून, प्रोग्रामरने नेहमीच्या मशीनला हात न लावता, दुसऱ्याच एका कॉम्प्युटरवर तुमच्या डोळ्यांसमोर ईएक्सई बनवून दाखवायची आणि तिच्यातून वहीतली वीस बिलं काढायची. अर्धा दिवस जातो. चहा तुमच्याकडून. वीसच्या वीस जुळली की मग चेकवर सही करा.